गुंडाकाकांचा उगारलेला हात

गुंडाकाकांची सारी उमेद नाटकाच्या दुसऱ्या अंकात खर्ची पडली. फिरत्या कंपनीत त्यांचं काम ठरलेलं: नायिकेची वाट अडवायची, नायकाच्या अंगावर धावून जायचं आणि मार खाऊन विंगेत कोलमडायचं. आवाज असा, की पुढच्या रांगेतली पोरं आईला बिलगायची. कोलमडणं असं, की टाळी नायकाला मिळे आणि ती मिळवून दिलेली असे काकांनी. रंग पुसला की मात्र हा माणूस कुणाला अरे म्हणायचा नाही.

"रोज अख्ख्या थिएटरला घाबरवून येतात," त्यांची बायको सांगायची, "आणि पाल दिसली की मला हाक मारतात."

पुढे कंपनी बुडाली आणि मग बायकोही गेली. मूलबाळ नव्हतं. दोन खोल्यांत काका आणि त्यांचा तो मोठा आवाज, वापराविना पडून.

अशात एक दिवस दारात एक बाई उभ्या राहिल्या. कुठल्याशा संस्थेत संशोधन करत होत्या. सारखी मारहाण बघणारी, सोसणारी मुलं असतात. त्यातली काही सावरतात, काही स्वतःच हात उचलायला लागतात. असं का होतं आणि मारामारी आधीच कशी टाळता येईल, हा त्यांचा विषय. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर त्यांनी वस्तीतल्या मुलांचा वर्ग सुरू केला होता.

"मला एक गुंड हवाय," बाई म्हणाल्या.

"चुकीच्या घरी आलात."

"आमचे मदतनीस गुंड झाले की मुलं हसतात हो. मुलांना सराव व्हायला समोर खरा वाटणारा माणूस पाहिजे."

काकांनी बसल्या जागेवरून एकदाच आवाज लावला. बाईंच्या हातातला कप बशीवर वाजला. काम पक्कं झालं.

सराव साधा होता. काकांनी अंगावर जायचं, शिव्या सोडून बाकी सगळं बोलायचं, हात उगारायचा. मुलानं डोळ्यांत बघायचं, तळवे उघडे ठेवायचे, शांतपणे म्हणायचं, "मला भांडायचं नाही. मी जातोय," आणि मागे सरायचं. पहिल्या दिवशी वाक्य कुणाच्या घशाबाहेर येईना. काकांनी एकेकाला जवळ घेऊन श्वास कुठून घ्यायचा ते शिकवलं, आवाज न चढवता शेवटच्या रांगेपर्यंत कसा न्यायचा ते शिकवलं. मग वाक्यं यायला लागली. वाक्य नीट आलं की काकांचा हात खाली येई. अन् तो खाली आला की मुलाच्या चेहऱ्यावर जे उजाडायचं, त्यासाठी काका आठवडाभर थांबत. इतकी वर्षं रंगमंचावर हरले, पण हरण्यात एवढं सुख त्यांना कधी मिळालं नव्हतं.

मुलं त्यांना सोडेनात. त्यातही एक मुलगी, जिला सगळे टकळी म्हणत. गप्प बसणं तिच्या गावीही नव्हतं.

"काका, आज तुमची डावी मिशी जास्त रागावलीय."

"तोंड मिट, कार्टे. मी गुंड आहे."

"गुंडाच्या शर्टाचं बटण कोण लावून देतं? काढा इकडे." आणि सुई-दोरा काढून खरंच लावून द्यायची.

बाई संशोधनासाठी जे प्रश्न विचारायच्या, त्यांना मुलांची उत्तरंही बदलली. 'भांडण मी थांबवू शकते,' असं टकळीनं ठासून सांगितलं. बाई हरखल्या. काकांना तर आभाळ ठेंगणं झालं.

टकळीचा भाऊ गॅरेजमध्ये कामाला होता. जुन्या कुरापतीवरून काही पोरं संध्याकाळी त्याला शोधत आली. भाऊ आत होता, टकळी डबा घेऊन दारात. ती मध्ये उभी राहिली. एकाच्या हातात पाना होता.

काका इस्पितळात पोचले तेव्हा टकळीची आई स्टुलावर बसली होती.

"या बाजूनं बोला, काका. त्या कानानं तिला आता ऐकू येणार नाही, डॉक्टर म्हणाले."

काका पलंगाला वळसा घालून आले. टकळीच्या डोक्याला पट्टी होती. ती हळू बोलत होती, हिशेब पडताळून बघावा तशी.

"मी सगळं बरोबर केलं. डोळ्यांत बघितलं. हात उघडे. वाक्यपण विसरले नाही."

"ठाऊक आहे मला."

"त्यानं हात वर केला. मी उभी राहिले, खाली यायची वाट बघत." ती थांबली. "तुमचा येतो ना."

 

दुसऱ्या दिवशी ते बाईंकडे गेले आणि म्हणाले, "मी येणार नाही. मी त्या पोरांना खोटा गुंड दाखवला. वाक्य ऐकून विरघळणारा."

बाईंचे डोळे सुजलेले होते. "सराव मी लिहिला, काका. मुलांना बोलता येतं का, एवढंच मी तपासलं. पळता येतं का, विचारलंच नाही. उलट पळणं म्हणजे हरणं, असं वाटायचं मला." मग म्हणाल्या, "तुम्ही नाही आलात, तर बाकीची पोरंही तशीच उभी राहतील."

"म्हणजे मी त्यांना खरंच घाबरवायचं?"

"हो."

"ती माझ्याजवळ फिरकणार नाहीत मग, बाई."



पुढच्या वर्गात पहिला आला एक चष्मेवाला मुलगा. वाक्य सुरेख म्हणाला, मागे सरला आणि ओळखीचं हसला. काकांचा हात खाली आला नाही. त्यांनी त्याची कॉलर धरली.

"काका, मी म्हटलं ना वाक्य."

"म्हटलंस. पुढे?"

"पुढे काय? तुम्ही थांबायचं."

काकांनी शेजारच्या खुर्चीला लाथ मारली. ती भिंतीवर जाऊन आदळली. मग त्यांनी दुसऱ्या अंकातला तो आवाज लावला, पोरांसाठी आजवर कधी पुरता न लावलेला. चष्मेवाल्याचं तोंड पांढरं पडलं. कॉलर सोडवून तो दारापर्यंत धावला आणि तिथं रडायला लागला. काकांनी त्याला जवळ घेतलं नाही. त्याच्याकडे जायला त्यांचा पाय उचलला गेला होता. तो त्यांनी तिथंच रोवला.

"पुढचा," ते म्हणाले.

एकेक करून सगळी आली. बोलायचं, जमलं तर. आणि समोरचा काय करतो ते बघत न बसता पळायचं, माणसं असतील तिकडे. वर्ग संपेपर्यंत सगळ्यांना ते जमलं. जाताना काकांच्या शर्टाला कुणी हात लावला नाही. जिन्यावर बोलण्याचा आवाजही नव्हता.

काका सावकाश उतरले. खाली रस्त्याच्या कडेला चष्मेवाला बुटाची नाडी बांधत होता. सावली पडली तसं त्यानं वर पाहिलं. काकांनी हसायला तोंड उघडलं, तोवर तो उठलाही होता आणि नाडी तशीच लोंबत, वळून न बघता, दुकानांच्या गर्दीकडे निघालाही होता.

काका पायरीवर उभे राहून बघत राहिले. पोरगं छान पळत होतं.