दोन कार्डांवरची शर्यत

बनशंकरीत माझ्या वरच्या मजल्यावर राहणारे कानडी अण्णा कुठल्याही कामाआधी "स्वल्प थांबा हं" म्हणत आणि स्वतः मात्र क्षणभरही थांबत नसत. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून आले की कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावत. वळणावर चित्र अडखळायचं. मग अण्णा खुर्चीतच त्या बाजूला कलायचे, तेवढीच गाडीला मदत!

एका रविवारी ते माझ्या दारात आले. "तुमचं ग्राफिक्स कार्ड माझ्या कार्डासारखंच ना? दोन्ही जोडू या. चित्रातल्या ओळी दोन्ही कार्डं वाटून घेतात म्हणे, मग ते अडखळत नाही." पुण्याहून आणलेलं माझं लाडकं कार्ड जळेल, अशी भीती वाटली. पण त्यांच्या उत्साहापुढे नाही म्हणवेना.

वर त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये दोन्ही कार्डं बसवली, मधली केबल जोडली, तरी पडदा काळाच. अण्णांनी माझं कार्ड काढलं, बाळाचं नाक पुसावं तशी त्याची सोनेरी कडा खोडरबरानं हलकेच पुसली आणि पुन्हा बसवलं. उघड्या कॅबिनेटसमोर टेबलफॅन ठेवला.

"सरी, झालं ठीक! आता बघा."

गाडी सुटली. वळणावर चित्र जराही अडखळलं नाही.

"दाबा अण्णा, पहिला नंबर!" मी ओरडलो.

अण्णांनी गाडी चक्क रस्त्याच्या कडेला उभी केली आणि स्वयंपाकघराकडे हाक मारली, "अगं, लवकर ये! डोंगर बघ किती छान दिसतोय!"

अण्णांच्या पत्नी अक्का कणकेच्या हातांनीच आल्या. बाकीच्या गाड्या भराभर पुढे गेल्या, आम्ही शेवटचे आलो आणि तिघंही हसत सुटलो.