बोटाखालचं माहेर

लेकीचा पृथ्वीगोल पुसताना एक पिवळट डाग काही केल्या निघेना. मी ओलं फडकं घेऊन घासू लागले, तशी ती हसत सुटली. "अगं आई, ते वाळवंट आहे!"

मलाही हसू आलं. म्हटलं, "बरं, माझं माहेर दाखव." तिनं माझं बोट धरून गोलावर टेकवलं. "हे बघ. आणि आपलं घरही ह्याच बोटाखाली."

माहेरी आई आजारी आहे. दोन एसट्या बदलाव्या लागतात, म्हणून हे म्हणतात, "लांब पडतं, सणाला बघू." मी मान हलवते. गोलावर केवढाले समुद्र पसरलेत, आणि माझं लांब नखाखाली मावलं. बोट उचलवेना.

संध्याकाळी चहा देताना ह्यांना म्हटलं, "उद्या आईकडे जाऊन येते."

"लांब आहे गं."

"नाही हो," मी म्हटलं, "जवळच आहे."