अल अहसाच्या बागेत मोडलेलं मनगट

गुरुवारी दुपारी ड्यूटी संपवून मी घरी पोचले, तेव्हा अजितची सायकल गाडीच्या टपावर बांधून झाली होती आणि माझी अजून जिन्याखालीच होती. तिच्या चाकांत हवासुद्धा नव्हती. अजित माझा नवरा. आठवडाभर तो स्वतःच्या सायकलची साखळी जुन्या टूथब्रशने घासत होता, हँडलवर नवा कॅमेरा बसवत होता. माझ्या सायकलकडे पाहायला त्याला पाच मिनिटं मिळाली नव्हती. पंप काढून मीच हवा भरली. आमची सहल अशी सुरू झाली.

रियाधमध्ये आम्हाला सतरा वर्षं झाली. मी इथल्या एका सरकारी रुग्णालयात अपघात विभागात नर्स आहे आणि अजित एका बांधकाम कंपनीत. आलो तेव्हा बाईने रस्त्यावर सायकल चालवणं हा विषयच नव्हता. अलिबागला शाळेत मी रोज सायकलने जायची. इथे मात्र पंधरा वर्षं फक्त गाडीच्या मागच्या सीटवर बसून शहर पाहिलं. त्यामुळे आमच्या मराठी मंडळाचा विनय जेव्हा म्हणाला, की अल अहसाला दोन दिवस सायकली घेऊन जाऊ, बागांमधल्या वाटांवर शुक्रवारी सकाळी एकही मोटार नसते, अगदी रमतगमत फिरू, तेव्हा सगळ्यांत आधी होकार मी दिला.

रियाधहून होफुफपर्यंत साडेतीन-चार तास नुसती वाळू. मधे मधे उंट, उंटांमागे पाण्याचा टँकर, आणि पुन्हा वाळू. मग एकाएकी समोरची क्षितिजरेषा हिरवी होते. खजुरीची झाडं इतकी दाट, की कुणी वाळूवर जंगल उचलून आणून ठेवलंय असं वाटावं. त्या संध्याकाळी मी हॉटेलच्या गच्चीवरून ते हिरवं पाहत उभी राहिले आणि जिन्याखालची सायकल विसरले.

सकाळी आम्ही आठजण निघालो. सातजण सायकलवर; विनय पाणी आणि खाणं घेऊन पिकअपने बराच मागून येणार होता. पहिला थांबा एका भट्टीपाशी घेतला. तिथे खुब्ज अहमर (खजूर घालून भाजलेली तांबूस रोटी) मिळते. भट्टीवाल्या म्हाताऱ्याने मला गरम रोटी कागदात गुंडाळून दिली आणि अरबीत विचारलं, की तुझ्या गावी बायका सायकल चालवतात का. मी म्हटलं, चालवतात, त्याच सायकलवर माशांची पाटीसुद्धा नेतात. तो हसला आणि आणखी एक रोटी दिली.

पुढची वाट खरोखर सुंदर होती. एका बाजूला बुटकी मातीची भिंत, दुसऱ्या बाजूला सिमेंटचा पाट, त्यात संथ पाणी. वर झावळ्यांची सावली, खाली लसूणघासाचे हिरवे वाफे. पेडलचा आवाज आणि पाण्याचा आवाज, एवढंच. मी सर्वांत पुढे होते. एका वळणावर समोरून एक कामगार जुन्या जड सायकलवर घासाचा भारा बांधून येत होता. मी घंटी वाजवली, त्याने सायकल कडेला घेतली, मी हात करून पुढे गेले.

दहा-पंधरा सेकंदांनी मागे लोखंड आपटल्याचा आवाज झाला.

मी परत आले. अजित उभा होता, पँटला माती लागलेली, बाकी काही नाही. तो आपल्या सायकलचं पुढचं चाक फिरवून पाहत होता. घासाचा भारा पाटात पडला होता आणि तो कामगार भिंतीला टेकून, डावा हात उजव्या हाताने पोटाशी धरून बसला होता. साठीचा असेल. पिकलेली दाढी, डोक्याला गुंडाळलेला गमछा. तो पुटपुटत होता, “या अल्ला, हात मोडला माझा.”

मराठीत.

मी खाली बसले आणि कुठले तुम्ही असं विचारलं. म्हसळ्याजवळचे, नाव दाऊद. बावीस वर्षं याच बागेत. मी अलिबागची म्हटल्यावर त्या वेदनेतही त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मनगट वेडंवाकडं झालं होतं, उलट्या काट्याच्या चमच्यासारखं. हे मोडणं मी महिन्यातून दहा वेळा पाहते. पिकअप आल्यावर मी पाण्याच्या बाटल्यांचा खोका फाडला, पुठ्ठ्याची पट्टी केली आणि माझ्या ओढणीने हात गळ्यात बांधला.

तोवर माझ्या पाठीमागे बैठक भरली होती. विनयचं म्हणणं, की घंटी वाजली होती, माणूस अंगावर आला, चूक त्याची. पोलीस आले तर दिवस गेला, आणि हॉटेलात जेवण सांगून ठेवलंय. याला बागेत सोडून देऊ, मालक बघेल. आणि अजित, ज्याने एका माणसाचा हात मोडला होता, तो मान हलवत होता.

दाऊदभाईंनाही तेच हवं होतं. “बाय, पट्टी बांध नि मना सोड,” ते म्हणाले. “पंधरा दिवसांत झाडावर चढायचा हाय. कफीलला, माझ्या मालकाला, कळला तर मना घरी धाडील.”

थंडी सरताना खजुरीच्या मादी झाडांवर नराचा मोहोर हाताने बांधावा लागतो, त्यासाठी माणूस दोराने चाळीस-पन्नास झाडं चढतो. हे मला माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं, की हे मनगट आज बसवलं नाही तर त्या हाताने त्यांना भाकरीसुद्धा मोडता येणार नाही. मी पिकअपचं दार उघडलं आणि विनयला म्हटलं, की किल्ली दे, नाहीतर तूच चालव. त्याने चालवला. अजितला मी शेजारी बसवलं. बाकीचे जेवायला गेले. गेले, हे मी मुद्दाम लिहिते आहे.

होफुफच्या रुग्णालयात खिडकीवरच्या माणसाने कसं लागलं असं विचारलं. दाऊदभाई म्हणाले, मीच पडलो. विनय लगेच म्हणाला, हो हो, आम्ही फक्त उचलून आणलं. मी मागे वळून पाहिलं. अजित भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि कॅमेऱ्यातलं चित्रण पुसत होता. माझ्या डोळ्यांदेखत, अंगठ्याने.

मी सतरा वर्षं संसार केला त्या माणसाबरोबर. मी खिडकीपाशी गेले आणि अरबीत सांगितलं, की हे पडलेले नाहीत, त्या माणसाने यांना सायकलने पाडलं, तो माझा नवरा आहे.

मुरूरचा (वाहतूक पोलीस) एक शिपाई आला. त्याने अजितला शांतपणे विचारलं. अजितने कॅमेरा खिशात टाकला. मग म्हणाला, मी खाली कॅमेऱ्यात बघत होतो. एवढंच. नंतर मित्रमंडळींत त्याच्या या प्रामाणिकपणाचं कौतुक झालं. पळायला वाट उरली नव्हती तेव्हा तो खरं बोलला, याचं मला कौतुक नाही.

प्लास्टर घालताना मी आत थांबले. दाऊदभाई म्हणाले, “तुझ्यासाठी बाजूला झालो, बाय. परत वाटेवर आलो तर मागून हा. एकामागं एक येताव, तर पुढच्यानं सांगायचा ना.”

मी हात करून पुढे गेले होते. मागे आणखी सहाजण आहेत, हे चार शब्द मला सांगता आले असते.

“आणि खरा तू बोल्लीस,” ते पुढे म्हणाले. “आता पोलीस कफीलला बोलावतील. राग तुझा तुझ्या घरच्यावर. भोगायचा मना.”

जुम्म्याची नमाज आटोपून त्यांचा कफील आला. सत्तरीचा, काठी टेकत, पायांना बागेतली माती. मी भांडायच्या तयारीत होते. पण त्याने आधी दाऊदभाईंच्या कपाळाला हात लावला आणि जेवला का विचारलं. मग अजितला त्याने असं झापलं, की शिपाईच मधे पडला. निघताना मी त्याला विचारलं, की यांना कामावर ठेवाल ना. तो म्हणाला, हात बरा होईपर्यंत माझ्याकडे राहील, पुढचं पुढे पाहू. मला बरं वाटलं. दाऊदभाईंनी मात्र मान खाली घातली. बावीस वर्षांत त्या 'पुढे पाहू'चा अर्थ त्यांना कळून चुकला होता.

अजितचा जबाब लिहून घेऊन शिपायाने आम्हाला जाऊ दिलं, आणि आम्ही त्याच दुपारी परत निघालो. पेट्रोल पंपावर अजितने दोन चहा आणले आणि विचारलं, “तू माझी बायको आहेस की पोलीस?”

“नर्स आहे,” मी म्हटलं, आणि चहा घेतला नाही.

रियाधला पोचेपर्यंत विनयने मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकले होते: झावळ्या, पाट, हसरे चेहरे. मी खाली लिहिलं, की आज आपल्यापैकी एकाने दाऊद नावाच्या माणसाचं मनगट मोडलं. मजकूर पाच मिनिटांत काढला गेला. मी पुन्हा लिहिला, तेव्हा मलाच काढलं.

सात आठवड्यांनी प्लास्टर निघालं, हे मला दाऊदभाईंकडून फोनवर कळलं. हाड बसलं, पण मनगट पूर्ण वळेना, आणि दोर न धरता येणाऱ्या माणसाला बागेत काम नव्हतं. कफीलने त्यांना खुरूज (कायमचं परत जाण्याचा परवाना) करून दिला, स्वतः गाडीने दम्मामच्या विमानतळावर सोडलं, निरोप देताना रडला म्हणे. त्याच्यावर रागवावं तर तेही जमत नाही. राग अजितवर आहे, विनयवर आहे, जेवायला गेलेल्या पाचजणांवर आहे. माझ्यावरही आहे. खरं बोलल्याचा नाही. ते मी उद्याही बोलेन. पण त्या खऱ्याची किंमत दुसऱ्याच्या घरातून जाणार होती, आणि हे त्यांनी मला स्वच्छ मराठीत सांगितलं असूनही मी ऐकलं नव्हतं. लोक म्हणतात, आता राग सोड. मला सोडायचा नाही. तो गेला तर त्या दिवशी काय घडलं, हे लक्षात ठेवणारं या घरात कुणी उरणार नाही.

परवा मी म्हसळ्याला फोन लावला. दाऊदभाईंनी उचलला. नातीला शाळेत सोडून नुकतेच आले होते. हात पावसाळी हवेत ठणकतो म्हणाले. मग त्यांनी विचारलं, की साहेबांनी सायकल सोडली का. मी म्हटलं, नाही, दर शुक्रवारी जातात.

“चालवू दे,” ते म्हणाले. “फक्त वर बघून चालव म्हण.”

फोन ठेवून मी बाहेरच्या खोलीत गेले. अजित सोफ्यावर मोबाइलमध्ये मान घालून बसला होता. मी निरोप शब्दन् शब्द सांगितला. त्याने मान वर केली नाही.