बाबांची रिकाम्या हाताने फेरी

बाबांना मधुमेह निघाला आणि पंधराच दिवसांत आई निवृत्त झाली. तिच्या निवृत्तीनिमित्त मी दोघांना गुरुग्रामला बुफे जेवायला नेलं. मेट्रोत बाबांनी डॉक्टरीणबाईंचा सल्ला पुन्हा ऐकवला. आधी रिकाम्या हाताने सगळं बघून यायचं आणि मग ताट एकदाच भरायचं.

तिथे पोचताच ते हात मागे बांधून निघाले. पांढरा शर्ट, काळी पँट आणि चेहऱ्यावर सरकारी नोकरीतला करारीपणा. प्रत्येक भांड्याचं झाकण उचलून ते आत वाकून बघत होते. एका बाईंना ते तिथले मॅनेजरच वाटले.

"भाईसाहब, इसमें क्रीम है क्या?"

"बहुत है," बाबा गंभीरपणे म्हणाले. "आप पहले सलाद लीजिए, फिर वो भुनी हुई मछली."

बाईंनी लगेच सॅलड वाढून घेतलं. मग मागचे लोकही विचारू लागले. बाबांनी कोणाला साधी डाळ सुचवली, कोणाला एकाच नानवर थांबवलं. आई तर हसून हसून टेबलावर डोकं टेकून बसली होती आणि मला पाण्याचा घोट गिळवेना.

शेवटी खरा मॅनेजर आला आणि अदबीने विचारू लागला, "सर, आप हेड ऑफिस से हैं?"

बाबा पहिल्यांदाच गडबडले. "नहीं जी, मुझे शुगर है."

ते परतले तेव्हा ताटात काकडी, मासा आणि थोडी डाळ होती. "इतक्या लोकांना सांगितल्यावर मी वेगळं काय घेणार?" म्हणाले, आणि स्वतःच इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.