मोतीला आणलं त्या दिवशी

आज तव्यावर सुके बोंबील भाजायला टाकले आणि त्या वासाबरोबर वरोरची ती कुत्री डोळ्यांसमोर उभी राहिली.

मी दहा वर्षांची असेन. झरीच्या आमच्या घरात पहिल्यांदाच पिल्लू येणार होतं. चिकूच्या रिकाम्या खोक्यात मी भाताचा पेंढा अंथरला होता, त्यावर बाबांचं जुनं बनियन, शेजारी दुधाची वाटी. नावसुद्धा ठरलं होतं, मोती.

वरोरला बाबांच्या ओळखीची एक मावशी बोंबील वाळत घालायची. तिच्या घरामागे कुत्री व्यायली होती. मावशी म्हणाली, "पोरी, अजून अंगावर पितात ती. पंधरा दिवसांनी ये." मी रडून गोंधळ घातला. बाबा म्हणाले, "नेऊ द्या, मावशी. एवढ्या लांब पुन्हा कोण येणार?"

पण कुत्री पिल्लांजवळून हलेना. मग मीच एक बोंबील उचलला आणि तिला दाखवत दाखवत पार वाळूपर्यंत नेलं. ती शेपूट हलवत आली. तेवढ्यात बाबांनी पिल्लू पिशवीत घातलं.

मोती आमच्याकडे बारा वर्षं राहिला. पहिल्या दिवशी मात्र त्याने वाटीला तोंड लावलं नाही, माझं बोटच चोखत राहिला. सगळे म्हणायचे, किती जीव लावलास गं त्याला!

त्या दिवशी रिक्षातून मी मागे वळून पाहिलं होतं, हे कुणाला सांगितलं नाही. कुत्रीने बोंबील खाल्ला नव्हता. तो तोंडात धरून ती पिल्लांकडे निघाली होती, आणि मी माझ्याच हुशारीवर खूश होऊन हसत होते.