खांबाला पाणी

तो पूल मला अजून तळहातातून आठवतो. एप्रिलात नदी कोरडी पडायची, वाळूत डांगरांचे, म्हणजे खरबुजांचे, वेल पसरलेले असायचे आणि वरून उमरेडची एसटी गेली की खांबातून बारीक थरथर माझ्या हातात उतरायची. मी डोळे मिटून ती अनुभवत उभा राही. सकाळच्या त्या गाडीत माझी बायको असे. नागपुराहून उमरेडच्या शाळेत शिकवायला जायची, आणि तेव्हा ती पोटुशी होती.

खांब जुना, भेगाळलेला. आतल्या सळ्यांना गंज चढून वरचं काँक्रीट फुगलं होतं. त्याच्याभोवती नव्या सळ्या बांधून नव्या काँक्रीटचा जाड अंगरखा चढवायचा, हे आमचं काम आणि देखरेख माझी. वाहतूक बंद नव्हती. गाड्या हळूहळू पुलावरून जातच होत्या. हा खांब दगा देणार नाही ना, या एका विचारानं मला घास गोड लागत नसे. लोक हसायचे, मी चिडायचो. तसाही राग माझ्या नाकावरच असायचा.

नवं काँक्रीट जुन्याला धरावं म्हणून जुन्याला छिन्नीनं टाचे मारून ते खडबडीत करायचं, तारेच्या ब्रशने घासायचं, धूळसुद्धा राहू द्यायची नाही. हे सगळं झालं, तेव्हा खांब म्हाताऱ्या हत्तीच्या पायासारखा खरबरीत दिसू लागला. दुपारी मी पुलाच्या सावलीत जरा आडवा झालो. पिकल्या डांगरांचा वास येत होता, कुठंतरी होला घुमत होता, आणि मी झोपलोय की जागा आहे हे माझं मलाच कळेना. डोळे उघडले तर खांब लाल झालेला.

शेंदूर! आणि तेलाचे ओघळ पार वाळूपर्यंत आलेले. आमच्या कामावरची सर्वांत वयस्कर रेजा, म्हणजे मजूर बाई, हात जोडून समोर उभी होती.

“हे काय करून ठेवलं वं मावशी!” मी ओरडलो.

“काहून चिडता गा साहेब? नवं काम चढवाच्या आंधी देवाले तेल-शेंदूर नको?”

“तेलावर सिमेंट धरते का? उद्या वरचं सुटून आलं म्हणजे?”

आमच्या घरातले देव छप्पन सालच्या धम्मदीक्षेत गेले ते गेलेच. त्यामुळे शेंदूर पाहून मी दुप्पट भडकलो होतो. तेल मुरलेला सगळा भाग पुन्हा फोडायला लावला. दुसऱ्या कुणाला हात लावू न देता तिनं स्वतःच छिन्नी-हातोडी घेतली आणि ऊन कलेपर्यंत ठोकत राहिली.

संध्याकाळी हात धुताना म्हणाली, “तुमची मास्तरीण डबा द्याले उतरली होती, तवा पाह्यलं मी. दोन जीवाची हाय. रोज यावरून जाते. म्हणून वाहिलं.”

जी भीती मी कुणाला सांगितली नव्हती, तीच ही बाई उराशी घेऊन बसली होती.

“तेल नाही चालत मावशी,” मी म्हणालो, “पण पाणी चालते. काँक्रीट भरलं की जितकं पाणी घालसान तितका खांब मजबूत होते.”

मग काँक्रीट भरलं, साच्याच्या फळ्या उतरल्या, खांबाला पोती गुंडाळली. नागपूरच्या उन्हात पोती भिजवावीत तोवर सुकत. पण तिनं पाण्याचं काम कुणाला दिलंच नाही. वळणावर एसटीचा भोंगा वाजला की ही घागर घेऊन निघायची आणि गाडी पूल ओलांडेपर्यंत खांबाभोवती फिरत पाणी ओतत राहायची. ओल्या पोत्यावर हात ठेवून मी उभा असे. आतून येणारी थरथर आता पार मऊ झाली होती.

एक दिवस जेवताना बायको म्हणाली, “अवो, तुमच्या पुलाखाली एक बाई खांबाले पाणी घालून राहिली होती. वडाले फेरे मारतेत, तशी. कोणासाठी असंन बाप्पा?”

“तुयासाठी,” मी म्हणालो.

थट्टा समजून ती हसली. मग तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिचा हात आपोआप पोटावर गेला.