हौसामावशींची साक्ष

आमच्या हायस्कूलमध्ये हौसामावशींचा मार न खाल्लेला मुलगा शोधूनही सापडला नसता. पदाने त्या शिपाई. घंटा देणं, वर्ग झाडणं, पाणी भरणं, नोटीस फिरवणं एवढंच त्यांचं काम. पण शाळेत दरारा होता तो त्यांचाच. मारामारी करणाऱ्या दोन पोरांना त्या मानगुटीला धरून वेगळं करायच्या, दोघांच्या पाठीत एकेक दणका घालायच्या आणि मग विचारायच्या, "आता सांगा, काय झालंवतं?" मुख्याध्यापकांनी शासनाचं परिपत्रक वाचून दाखवलं, की मुलांना मारायचं नाही. मावशींनी ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "ते मास्तरांसाठी आसंल. म्या शिपाई हाय."

मी भोरहून बदलून तिथे विज्ञान शिकवायला गेले तेव्हा मला हे पटत नसे. एकदा एका सातवीतल्या मुलाच्या गालावर वळ दिसले म्हणून मी त्यांच्यावर चिडले. त्या म्हणाल्या, "बाई, ह्यानं दगड मारून दुसऱ्याचं डोकं फोडलं आसतं. आता घरी जाईल, आईपाशी रडंल, आई पोटाशी घेईल. ह्याला रडायला आई हाय."

राजगडाच्या पायथ्याचा आमचा पट्टा. दुपारी शाळेच्या भिंतीला पाठ लावून बसलं की समोर खाचरं आणि वर डोंगर, फार शांत दिसतं. पण एका जानेवारीत पिसाळलेलं कुत्रं थेट पाचवीच्या वर्गात शिरलं. बाकांवर चढून पोरं किंचाळत होती, वर्गातले सर खिडकीच्या गजाला धरून उभे होते. मावशी घंटेची लोखंडी कांब घेऊन आत गेल्या आणि दार मागून ओढून घेतलं. आम्हाला बाहेर फक्त आवाज ऐकू आले. दार उघडलं तेव्हा कुत्र्याचं डोकं ओळखू येत नव्हतं आणि मावशींच्या लुगड्यावर गुडघ्यापर्यंत रक्त होतं. त्यांनी पोरांना एकेक करून उचलून बाहेर दिलं, फरशी धुतली, कुत्रं पोत्यात घालून पुरून आल्या. मग स्टाफरूमच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "चहा हाय का, बाई? मुकं जनावर व्हतं. आजारी व्हतं बिचारं."

त्यांच्या अंगावर जुन्या जखमा होत्या. नवरा दारू पिऊन मारायचा, एकदा चुलीतलं लाकूड त्यांच्या खांद्यावर दाबलं होतं. तो मेल्यावर अनुकंपा तत्त्वावर नव्हे, कुणाच्या ओळखीनेही नव्हे, नुसत्या शाळेच्या दारात चार दिवस बसून त्यांनी ही नोकरी मिळवली. एकच मुलगा, गणेश. आमच्याच शाळेत शिकला, नववीत नापास झाला, मग खालच्या हमरस्त्यावरच्या टोळक्यात रमला. मोबाईलवर कोयता हातात घेतलेले त्याचे व्हिडिओ मुलं मधल्या सुट्टीत बघायची आणि मावशी जवळ आल्या की मोबाईल लपवायची. मी एकदा धीर करून विचारलं, "सगळ्यांच्या मुलांना मारता, मावशी. गणेशला कधी दोन लगावल्या नाहीत?"

"न्हाई," त्या म्हणाल्या. "त्यानं बापाचा मार लई बघितलाय. माझा हात उठला तर त्याला बापच दिसंल."

एका वर्षी दहावीत विकास नावाचा मुलगा होता. वरच्या धनगरवाड्यावरून दीड तास चालत यायचा. अंगाने किरकोळ, पण तोंडाने फटकळ. गणेशच्या टोळक्यातल्या एकाच्या व्हिडिओखाली त्याने लिहिलं, "कोयता सोड, आधी म्हैस धुवायला शीक." सगळी शाळा हसली. त्या हसण्याची खबर खाली पोचली.

गुरुवारी मधल्या सुट्टीत तीन जण दोन मोटारसायकलींवरून आले. तोंडाला रुमाल. विकास नळावर डबा धूत होता. पहिला वार त्याच्या खांद्यावर बसला. मी प्रयोगशाळेच्या दारात उभी होते. मावशी कुठून आल्या कळलं नाही. त्यांनी विकासला काखेत धरून ओढत माझ्याकडे आणलं, आत ढकललं आणि ओरडल्या, "बाई, कडी लावा. म्या म्हणंपातूर उघडू नका."

मी कडी लावली. विकासच्या खांद्यावर माझी ओढणी दाबून धरली आणि खिडकीतून बघत राहिले. एकाच्या गुडघ्यावर मावशींनी घंटेची कांब घातली, तो कोसळला. दुसऱ्याने कोयता उगारून दाराकडे धाव घेतली. मावशी मध्ये आल्या आणि त्यांनी येणारं पातं उजव्या हातात धरलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट खाली पडलं. तरी त्यांनी पातं सोडलं नाही.

"गण्या," त्या म्हणाल्या. "टाक ते."

नळाचं पाणी तसंच वाहत होतं. रुमालातले डोळे खाली पडलेल्या बोटांकडे बघत होते. त्याने मूठ सोडली. मावशींनी कोयता कौलांवर भिरकावला आणि त्याच रक्ताळलेल्या हाताने त्याच्या तोंडात मारली. आयुष्यात पहिल्यांदा. रुमाल घसरला. गालावर रक्ताची तीनच बोटं उमटली. तो मटकन खाली बसला. त्याचे दोघे साथीदार, एक लंगडत, मोटारसायकलवर बसून पळाले. गणेश हलला नाही. पोलिसांची गाडी येईपर्यंत मावशी त्याच्या शेजारी जमिनीवर बसून होत्या, हाताला पदर गुंडाळून.

दवाखान्यात दीर आणि भावकी आली. "गवत कापताना बोटं गेली म्हणून सांग. पोरगं घरी येईल. गेलेली बोटं काय परत येणार हाईत?" मावशींनी भिंतीकडे तोंड केलं. जबाब घ्यायला आलेल्या हवालदाराला मात्र सगळं क्रमाने सांगितलं, विकासच्या खांद्यापासून. त्यानंतर भावकीने त्यांच्या घरी येणं सोडलं. कुणीतरी दारात मेलेली कोंबडी टाकली. त्या डाव्या हाताने झाडू मारायला शिकल्या.

कोर्टात मीही साक्षीला होते. गणेशच्या वकिलांनी मावशींना विचारलं, "हल्लेखोराच्या तोंडाला रुमाल होता. तुम्ही त्याला ओळखलंत कसं?"

"रुमाल म्याच धुतलावता," मावशी म्हणाल्या. "आदल्या दिशी."

गणेशला शिक्षा झाली. कोर्टाबाहेर आल्यावर मी मावशींना धरायला गेले, तर त्यांनी मलाच म्हटलं, "तुमी जेवलाय का?" पुढे त्या दर महिन्याला एसटीने येरवड्याला जायच्या आणि तशाच परत यायच्या. गणेश भेटायला नकार द्यायचा. शाळेत त्या माझ्याशिवाय कुणाला काही सांगत नसत. पण त्या गुरुवारनंतर त्यांनी एकाही मुलावर हात उचलला नाही. पोरं भांडली की नुसत्या मध्ये जाऊन उभ्या राहायच्या, आणि पोरं थांबायची.

मागच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभ नको म्हणाल्या. त्यानंतर एकदाच भेटल्या, संध्याकाळच्या वेल्ह्याच्या गाडीत. मी नसरापूरला चढले, तर त्या खिडकीशी. येरवड्याहून येत होत्या. मी शेजारी बसले. तिकीट काढलं.

"आज भेटला," त्याच म्हणाल्या. "दीड वर्सानं."

"काय म्हणाला?"

"आधी कायबी न्हाई. जाळीला डोस्कं टेकून उभा व्हता. शिपाई म्हणला येळ झाली, तवा बोलला." गाडी घाट चढत होती, खालच्या गिअरमध्ये घरघरत. "म्हणला, आये, विकासचा खांदा हलतो का?"

"मग?"

"म्हणलं हलतो. पोलीसभरतीची तयारी करतोय, रोज सकाळी पळतोय. तर खाली बसला आन् रडाय लागला. लई रडला, बाई." मावशींनी पदराने तोंड पुसलं. "जाळी व्हती मधी. न्हाईतर पोटाशी घेतला आसता."